कोर्लईच्या दीपगृहाखाली टपालडब्यांचा शोध

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगा आहे, कडेम नदी आहे, कुंटाल्याचा धबधबा आहे, सागाचे जंगल आहे. समुद्र तेवढा नाही. त्यामुळे शाळेच्या वार्षिक सहलीसाठी आम्ही शिक्षकांनी रायगड जिल्ह्यातील कोर्लईचे नाव सुचवले, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि पालकांनी खर्चाचा आकडा विचारला. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्यच होत्या.

पालकसभेत आणखी दोन प्रश्न निघाले. पहिला, "डबे शोधायचा खेळ खेळायला एवढ्या लांब कशाला?" दुसरा प्रश्न थोडा मागे बसलेल्या एका पालकांनी हळूच विचारला. "सर, राज्य तेलंगणाचे, पुढचे शिक्षण इंग्रजीतले. मग पोराने मराठी वाचून मिळवायचे काय?" त्या दिवशी आम्ही पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. दुसऱ्याचे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते. सहलीहून परत येताना त्याचे थोडेफार उत्तर मुलांनीच आमच्या हाती दिले. म्हणून हा वृत्तांत जरा सविस्तर लिहीत आहोत.

खेळ कोठून आला?

विद्यार्थी मित्रांनो, खजिना शोधण्याचे खेळ तुम्ही खेळला आहात. त्यात जो आधी पोहोचेल त्याला खाऊ मिळतो आणि खेळ संपतो. टपालडब्यांचा खेळ वेगळा आहे. त्यात जे सापडते ते घ्यायचे नसते.

या खेळाचा जन्म इंग्लंडमधील डार्टमूर या ओसाड, दलदलीच्या माळरानावर झाला. जेम्स पेरट नावाचे एक वाटाडे प्रवाशांना तेथे हिंडवून आणत. त्या माळावर क्रॅनमिअर पूल नावाची एक दुर्गम जागा आहे. १८५४ साली पेरट यांनी तेथे एक बाटली ठेवली. जो कोणी इतक्या लांब चालत येईल त्याने आपल्या नावाची चिठ्ठी बाटलीत ठेवावी, एवढाच हेतू होता. पुढे बाटलीच्या जागी डबा आला, १९०५ साली नोंदवही आली, मग रबरी शिक्का आला. काही लोक स्वतःचा पत्ता लिहिलेले कार्ड त्यात ठेवून जात. नंतर येणारा प्रवासी ते उचलून जवळच्या टपालपेटीत टाकी, आणि कार्ड फिरून पहिल्याच्या घरी पोहोचे. पुढच्या अनोळखी माणसावर एवढा विश्वास! आज डार्टमूरवर असे हजारो डबे आहेत. अमेरिकेत हा खेळ १९९८ नंतर पसरला. २००० साली उपग्रहांवरून जागा शोधण्याची अचूक सोय सामान्यांना मिळाली आणि त्याच वर्षी या खेळाचे यंत्राच्या मदतीने खेळले जाणारे भावंडही जन्माला आले.

आम्ही मात्र जुनाच प्रकार निवडला. मोबाइल बंद, हातात होकायंत्र, वही आणि मराठीत लिहिलेला सुगावा. डब्यात एक शिक्का, शाईची गादी आणि नोंदवही. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपल्या गटाचा शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा, पुढे येणाऱ्यांसाठी एक ओळ लिहायची आणि डबा होता तसा ठेवायचा. भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे सगळ्यांनाच ठाऊक आहेत. चित्रकलेच्या बाईंनी त्याच्या पुढची पायरी शिकवली. मोठ्या खोडरबरावर ब्लेडने कोरून पाच डब्यांचे पाच शिक्के त्यांनी केले आणि प्रत्येक गटाने आपला एक केला. कोणी वाघाचा पंजा कोरला, कोणी सागाचे पान, कोणी निर्मळच्या लाकडी खेळण्यातला पोपट.

एक अडचण मात्र आपल्याकडची होती. स्थानकावर आणि बसमध्ये बेवारस वस्तूला हात लावू नये, ही सूचना आपण सगळेच ऐकतो आणि ती योग्यच आहे. जुन्या किल्ल्यात डबे लपवून ठेवणे, दगड हलवणे, खणणे हेही योग्य नव्हे. म्हणून आम्ही डबा ठेवला, पण डब्याजवळ माणूसही ठेवला. प्रत्येक ठिकाणी आमच्यापैकी एक जण किंवा ओळख करून घेतलेले एखादे स्थानिक काका-मावशी बसले होते. खेळ संपल्यावर पाचही डबे आम्ही सोबत परत आणले.

तिथीला पाऊणपट

आदिलाबादहून नंदिग्राम एक्सप्रेसने निघालो. किनवट, नांदेड, परभणी, जालना, मनमाड अशी स्थानके मागे टाकत गाडीने कल्याण गाठले. किनवट आले तेव्हा इतिहासाच्या सरांनी मुलांना खिडकीबाहेर बघायला सांगितले. १९५६ साली भाषावार प्रांतरचना होईपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. रेषा सरकली, तिकडची गावे त्या राज्यात गेली आणि आपण या राज्यात राहिलो. माणसे मात्र होती तेथेच होती. मुले थोडा वेळ गप्प बसली आणि मग पुन्हा भेंड्या सुरू झाल्या.

कल्याणहून बसने पनवेलमार्गे अलिबाग, तेथून रेवदंडा, रेवदंड्याची खाडी ओलांडणारा पूल आणि मग कोर्लई. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिका नदीची खाडी आणि मध्ये पाण्यात शिरलेली एक लांबट टेकडी. टेकडीवर किल्ला, किल्ल्याच्या खाली समुद्राच्या अंगाला दीपगृह आणि खाडीच्या अंगाला गाव. दीपगृह १९५५ सालचे आहे. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरचे १८६७ सालचे दीपगृह त्याहून कितीतरी जुने. किल्ला तर आणखी जुना. सोळाव्या शतकात अहमदनगरच्या निजामशाहीने तेथे तटबंदी उभारली, १५९४ साली पोर्तुगिजांनी लढून ती जागा घेतली, १७४० च्या तहाने ती मराठ्यांकडे आली आणि १८१८ नंतर इंग्रजांकडे गेली.

पुळणीवर पाऊल ठेवताच आमचे सगळे वेळापत्रक कोलमडले. बेचाळीस मुलांपैकी सदतीस जणांनी समुद्र प्रथमच पाहिला होता. त्यांना सुगावा नको होता, शिक्का नको होता, नाश्ताही नको होता. एकाने पाणी चाखून पाहिले आणि खरोखरच खारट आहे अशी बातमी सगळ्यांना दिली. अर्धा तास आम्ही कोणालाही हाक मारली नाही.

दुसऱ्या डब्याचा सुगावा ओहोटीवर बेतलेला होता. एक काळा खडक ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला बुडतो. त्या खडकापासून पावले मोजायची होती. मग खडक दिसणार कधी? कोकणातली माणसे यासाठी एक सोपे गणित वापरतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास भरती, त्यानंतर सहा तास आणि वर काही मिनिटांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे साधारण पावणेअकरा. अष्टमीला हेच गणित सहा वाजताची भरती दाखवते, पौर्णिमेला सव्वाअकराची. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठायचा असेल तर माणसे हाच हिशेब करतात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, हे त्यामागचे कारण.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी घरी फक्त उपवासासाठी बघायची असते, अशी आमच्या मुलांची समजूत. तीच तिथी समुद्राचे घड्याळ आहे म्हटल्यावर सगळ्यांनी वहीत गणिते मांडली. पावणेअकराला दहा मिनिटे असताना खडकाचा माथा दिसू लागला आणि काठावर असा गलका झाला की जाळी सावरणारे दोन कोळीकाका उठून बघायला आले.

माड की माडी?

आता पहिल्या डब्याकडे येऊ, कारण खरी गंमत तेथे झाली. सुगावा असा होता: "समुद्राकडे पाठ करून उभे राहा. समोरच्या रांगेत डावीकडून सातवा माड. त्याच्या सावलीत बसलेल्या मावशींना नमस्कार करा आणि आपल्या गावाचे नाव सांगा."

सात गटांपैकी चार गट वस्तीकडे पळाले आणि घरे मोजू लागले. ते माडी शोधत होते! आपल्या भागात नारळाला नारळाचे झाड म्हणतात. माड हा शब्द मुलांनी कधी ऐकलाच नव्हता. माडी मात्र माहीत होती. उरलेल्या तीन गटांपैकी दोन गट समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आणि समोर लाटांशिवाय काहीच दिसत नाही म्हणून तक्रार घेऊन आले.

बरोबर जागी पहिला पोहोचलेला गट एका सातवीतल्या मुलीचा होता. ती उटनूरच्या बाजूची. तिच्या घरी गोंडी बोलतात. मराठी तिने शाळेतच शिकली आहे. वर्गात ती फारशी बोलत नाही आणि वाचते तेव्हा बोट ठेवून, एकेक अक्षर लावून वाचते. बाकीच्यांनी सुगावा नजरेने उडवून लावला. हिने तो बोट ठेवून वाचला. "पाठ करून" या शब्दांपाशी ती थांबली आणि गटाला वळून उभे राहायला लावले. मग माड म्हणजे काय ते ठाऊक नाही हे तिने सरळ मान्य केले आणि वाटेने चाललेल्या आजींना विचारले. आजींनी वर बोट दाखवले.

शब्द आपला आहे असे वाटले की आपण तो वाचत नाही, ओलांडून जातो. आपल्या मुलांचे मराठीशी तसेच झाले आहे. घरी बोलतात म्हणून येते असे वाटते. पण बाजार, शेत, स्वयंपाकघर यांपलीकडचा शब्द आला की पाय अडखळतो. खाडी म्हटल्यावर एकाला खादीचे कापड आठवले. उधाण म्हणजे काय, भांगाची भरती म्हणजे काय, हे आमच्यापैकीही दोघा शिक्षकांना काकांनाच विचारावे लागले. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती ते उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची मंद भरती ती भांगाची.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. पहिल्या डब्यातील वहीत पुढच्यांसाठी एक ओळ लिहायची होती. बहुतेकांनी "छान वाटले", "समुद्र मोठा आहे" असे लिहिले. माडीच्या शोधात वीस मिनिटे वणवण केलेल्या एका आठवीतल्या मुलाने लिहिले: "माड म्हणजे नारळाचे झाड. पुढच्यांनी माडी शोधू नये. वर बघावे." खाली त्याने समुद्राकडे पाठ केलेल्या माणसाचे चित्रही काढले. ही वही पुढच्या सहलीला याच किनाऱ्यावर दुसरी मुले उघडतील, असे आम्ही सर्वांना सांगितले होते.

रात्री मुक्कामावर आम्हा शिक्षकांत यावरून वाद झाला. काहींचे म्हणणे, उत्तर फोडले तर खेळात राहिले काय? काहींचे म्हणणे, ज्याला ठेच लागली त्याने मागच्याला सांगितले, यात वाईट काय? वाद मिटला तो दीपगृहावर त्याच दिवशी पाहिलेल्या गोष्टीमुळे. ती पुढे सांगतो.

'नो लिंग'

तिसरा डबा किल्ल्यावर होता. दीपगृहाच्या शेजारून पायऱ्या वर जातात. किल्ला अरुंद आणि लांब आहे. एकामागून एक दरवाजे ओलांडत जावे लागते. पडक्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि वर उभे राहिले की एकीकडे निळा समुद्र आणि दुसरीकडे खाडीचे गढूळ पाणी एकाच नजरेत मावते. डबा पाण्याच्या टाक्याजवळ होता आणि तेथे कोणी चुकले नाही. माडीच्या अनुभवानंतर सगळे जण बोट ठेवून वाचत होते.

चौथा डबा खाली गावात होता. सुगावा एवढाच: "या गावात अशी एक भाषा आहे जी महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्याही गावात ऐकू येणार नाही. तिचे नाव विचारा. नाव सांगाल तर डबा मिळेल."

मुले गल्लीत शिरली आणि दारात मासे साफ करणाऱ्या बायकांचे बोलणे ऐकून थबकली. सूर मराठीचा वाटे, पण शब्द एकही ओळखीचा नाही. विचारल्यावर त्या मराठीत हसून म्हणाल्या, "आमची भाषा. नो लिंग." म्हणजे अक्षरशः 'आपली भाषा'.

त्याची कथा अशी. पोर्तुगीज राजवटीत येथे पोर्तुगीज शिपाई आणि स्थानिक माणसे यांच्या मिश्रणातून एक ख्रिस्ती वस्ती तयार झाली. तिची बोली पोर्तुगीज शब्दांची. १७४० साली पोर्तुगीज निघून गेले. भोवती सगळा मराठी मुलूख. शाळा मराठी, बाजार मराठी, कचेरी मराठी. तरीही सुमारे हजारभर माणसांच्या या वस्तीने पावणेतीनशेहून अधिक वर्षे घरातली बोली टिकवली. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. मौजेची गोष्ट ही, की शब्द पोर्तुगीज असले तरी वाक्याची मांडणी हळूहळू मराठीसारखी झाली आहे. क्रियापद शेवटी येते. म्हणूनच मुलांना सूर ओळखीचा वाटला.

पालकहो, आपण आपल्याशी ताडून पाहा. आपल्याभोवती तेलुगू आहे. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील सर्व शाळांत तेलुगू शिकणे आवश्यक झाले आणि ज्या राज्यात राहायचे त्याची भाषा मुलांना उत्तम यायलाच हवी, याबद्दल आमचे दुमत नाही. आपल्या मराठीत तेलुगू शब्द येतात, उर्दू शब्द येतात, पुण्याहून आलेले पाहुणे हसतात, आणि मग काही मुले पाहुण्यांसमोर तोंडच उघडत नाहीत. कोर्लईच्या बायका मात्र आपली भाषा शुद्ध आहे की अशुद्ध, याचा विचार करत बसलेल्या दिसल्या नाहीत. त्या ती बोलत होत्या. मुलांना हाका मारत होत्या, मासळीचा भाव ठरवत होत्या, भांडतही होत्या. भाषा टिकली ती या वापराने.

त्यानंतर जे घडले ते आमच्यापैकी कोणीही ठरवलेले नव्हते. आमच्या उटनूरच्या मुलीने त्या बायकांना विचारले, "तुमची भाषा शाळेत शिकवतात का?"

"नाही गं. घरीच."

"आमची पण घरीच," ती म्हणाली.

मग त्यांनी तिला गोंडीत पाण्याला काय म्हणतात ते विचारले, तिने सांगितले, तिने त्यांचा शब्द विचारून घेतला आणि दोन्ही शब्द वहीत देवनागरीत लिहून घेतले. एवढेच. पण आम्ही बाजूला उभे होतो, ते उभेच राहिलो.

मराठी कमी होत चालली म्हणून आपण सभांत बोलतो आणि ते बोलायलाही हवे. पण आपल्याच बाकावर बसणाऱ्या गोंडी आणि कोलामी मुलांपुढे आपली मराठी ही मोठी भाषा आहे. आपल्याला तेलुगू-इंग्रजीपुढे जे वाटते ते त्यांना आपल्यापुढे वाटत असेल. तेव्हाच्या आपल्या जिल्ह्यातच याआधी याचा विचार झालेला आहे. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात मारलावई येथे गोंड मुलांसाठी गोंडीतून शिक्षण सुरू केले आणि त्यासाठीची पुस्तके देवनागरीत केली. नारनूर भागातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणजे जगातल्या कोणत्याही संगणकावर ती लिहिता येण्याचा मार्ग मोकळा झाला. ही गोष्ट आपल्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे?

दिवा

शेवटचा सुगावा कोड्यात होता: "दिवसभर झोपतो, रात्रभर डोळे मिचकावतो. सगळ्यांना वाट दाखवतो, स्वतः कोठेच जात नाही." सकाळी ज्याच्या शेजारून किल्ल्यावर गेलो होतो तेथेच शेवटचा डबा आहे हे कळल्यावर मुले पुन्हा टेकडीच्या बाजूने चालत निघाली.

दीपगृहावरच्या काकांनी दुपारच्या ठरलेल्या वेळेत लहान लहान गटांत वर नेले. मुलांची अपेक्षा होती की आत भलामोठा दिवा असेल. दिवा अपेक्षेपेक्षा लहान निघाला. खरे काम भोवतीच्या भिंगाचे. फ्रान्सच्या ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी १८२२ च्या सुमारास काचेच्या कड्या-कड्यांचे असे भिंग शोधून काढले, ज्यामुळे इकडेतिकडे पसरणारा प्रकाश गोळा होऊन एका झोतात दूरवर जातो. जगभरच्या दीपगृहांनी ही युक्ती उचलली.

दुसरी गोष्ट काकांनी सांगितली ती अधिक महत्त्वाची. प्रत्येक दीपगृहाचा लुकलुकण्याचा क्रम वेगळा असतो. किती वेळा चमकायचे, मध्ये किती सेकंद अंधार, हे ठरलेले असते आणि नाविकांच्या पुस्तकात छापलेले असते. खलाशी घड्याळ लावून मोजतो आणि आपण कोणत्या गावासमोर आहोत ते ओळखतो. "म्हणजे हा त्याचा शिक्का!" एक मुलगा म्हणाला. आम्हाला सुचले नसते असे नेमके उदाहरण होते.

मग अपेक्षित प्रश्न आला. "आता उपग्रह आहेत, जहाजात पडदा आहे, मग दिव्याची गरज काय?" भारताच्या किनाऱ्यावर दोनशेहून अधिक दीपगृहे आहेत. १९२७ चा जुना दीपगृह कायदा जाऊन २०२१ साली नवा कायदा आला, त्यात नव्या यंत्रणांचाही समावेश झाला, पण दीपगृहे मोडीत काढली गेली नाहीत. काका म्हणाले, "यंत्र बंद पडतं. लहान होडीत तर ते नसतंही. डोळ्याला दिसणारा दिवा मात्र कोणालाही वाचता येतो." आणि पुढे म्हणाले, "दिवा कुणाला बोलावत नाही बरं का. इथं खडक आहे, लांबून जा, असं सांगतो."

रात्रीच्या वादाचा निकाल या वाक्याने लागला. त्या मुलाने वहीत लिहिलेले "पुढच्यांनी माडी शोधू नये" हे उत्तर फोडणे नव्हते. खडक कोठे आहे ते त्याने मागून येणाऱ्यांना दाखवले होते. ती ओळ आम्ही खोडली नाही.

संध्याकाळी पुळणीवर बसून दिवा लागण्याची वाट पाहिली. लागल्यावर बेचाळीस मुले एका आवाजात सेकंद मोजत होती. मराठीत. कोणी सांगितले नव्हते.

पुढे काय?

सहल झाली, फोटो फलकावर लागले. पण खर्चाला फळ यावे म्हणून आम्ही विश्वस्त मंडळापुढे आणि पालकांपुढे काही सूचना ठेवत आहोत.

पाच डबे शाळेत परत आले आहेत. पैकी पहिला डबा, त्यातील वहीसकट, पुढच्या कोकण सहलीपर्यंत ग्रंथालयात राहील. कोणीही उघडावा, वाचावा, आपली ओळ लिहावी आणि परत ठेवावा.

उरलेले चार डबे येत्या वर्षी आपल्याच परिसरात लावावेत असे वाटते. जैनदच्या लक्ष्मीनारायण मंदिराचा परिसर, पैनगंगेचा काठ, कुंटाल्याची वाट अशी ठिकाणे आहेत. जैनदला परमार राजा जगद्देव याच्या काळचा शिलालेख आहे, हे किती जणांनी जवळून पाहिले आहे? तेथेही नियम तोच: डब्याजवळ माणूस, दगडाला हात नाही.

सुगावे मुलांनीच लिहावेत आणि घरच्या शब्दांत लिहावेत. आजीला विचारावे, शेतातल्या काकांना विचारावे. तिफण, आळे, पाभर, कणगी, जे जे शब्द घरात आहेत आणि पुस्तकात नाहीत, ते सुगाव्यात यावेत. दर ठिकाणी एक सुगावा तेलुगूत आणि एक गोंडी किंवा कोलामीत असावा. त्या डब्यापाशी पोहोचायचे तर मराठी घरच्या मुलाला गोंडी घरच्या मित्राला विचारावे लागेल. ते विचारणे व्हावे, हाच त्यातला खरा हेतू.

खर्च फार नाही. खोडरबर, शाईची गादी, वह्या आणि पत्र्याचे डबे. जुने बिस्किटांचे डबे पालकांनी दिले तरी चालतील. पहिल्या येणाऱ्या गटाला बक्षीस द्यावे अशी एक सूचना आली आहे. ती प्रेमाने आलेली आहे, पण या खेळात पहिला येणारा मागच्यांसाठी काय लिहून ठेवतो ते बघायचे असते. बक्षीस द्यायचेच असेल तर सर्वांत उपयोगी ओळ लिहिणाऱ्याला द्यावे.

सभेत मागे बसून प्रश्न विचारणाऱ्या पालकांना आम्ही आता एवढेच सांगू शकतो. मराठी वाचून तुमच्या मुलाला नोकरी मिळेलच असे आम्ही म्हणणार नाही. पण अपरिचित गावी, अपरिचित शब्दापाशी थांबणे, बोट ठेवून नीट वाचणे, ठाऊक नसेल तर शेजारच्या माणसाला विचारणे आणि कळल्यावर मागच्याला सांगणे, हे ते शिकले. हे तेलुगूतही उपयोगी पडेल आणि इंग्रजीतही. ते शिकण्याची पहिली जागा घरची भाषा असते. मग ते घर मराठी असो की गोंडी.

बिस्किटांचे रिकामे डबे कार्यालयात आणून द्यावेत, ही विनंती.